स्लेटने घडवलेले बंदर : वेलिनहेली

वायव्य वेल्समध्ये मुख्य भूमी आणि अँगल्सी बेट यांच्यामधील मेनाई सामुद्रधुनीच्या काठी वेलिनहेली हे गाव वसले आहे. परंतु त्याचा इतिहास किनाऱ्यापासून नव्हे, तर काही मैल आत, लानबेरिसजवळच्या डोंगरापासून सुरू करावा लागतो. या डोंगरातील खडक स्लेट, म्हणजे मराठी वाचकाला शाळेतील पाटीमुळे परिचित असलेला दगड होय. समुद्रतळाशी साचलेला चिखल प्रचंड दाबाखाली घट्ट होऊन बनलेला हा खडक एका ठरावीक दिशेने पातळ थरांत फुटतो आणि पाणी फारसे शोषत नाही, म्हणूनच छपरांसाठी त्याला मोठी मागणी होती. तो नेमका फोडण्याचे काम मात्र छिन्नी आणि हातोडा चालवणाऱ्या कसबी हातांचेच राहिले.

तेथील डिनोर्विग खाणीत १७८७ मध्ये व्यापारी उत्खनन सुरू झाले. जमीन व्हेनॉल जहागिरीच्या असेटन स्मिथ घराण्याची होती आणि याच घराण्याने वेलिनहेलीच्या किनाऱ्यावर धक्के व गोदी बांधून पूर्वीच्या लहानशा वस्तीचे बंदर केले, ज्याला पुढे ‘पोर्ट डिनोर्विक’ असे इंग्रजी नाव मिळाले. समुद्रमार्गे नेल्या जाणाऱ्या स्लेटवरील कर १८३१ मध्ये रद्द झाल्याने व्यापार वाढला. खाणीतून बंदराकडे स्लेट नेण्यासाठी आधी घोड्यांनी डबे ओढायचा लोहमार्ग होता. १८४० च्या दशकात पादार्न रेल्वे आली. तिचे रूळ गावावरच्या उंचवट्यापर्यंतच येत. तेथून भरलेले डबे तीव्र उतारावरून दोरखंडाने खाली सोडले जात आणि त्यांच्याच वजनाने रिकामे डबे वर ओढले जात. कोणत्याही इंजिनाशिवाय चालणारी ही योजना त्या काळच्या अभियांत्रिकीचा सुंदर नमुना मानावी लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीत सुमारे तीन हजार माणसे राबत होती. मालक आणि कामगार यांचे संबंध सलोख्याचे नव्हते; १८८५-८६ मध्ये मालकांनी कामगारांना कामावरून दूर ठेवणारी टाळेबंदी पुकारली. डोंगरातील असा प्रत्येक संघर्ष धक्क्यावरही जाणवणार, हे एकाच मालावर जगणाऱ्या बंदराचे मोठे दुबळेपण होते. विसाव्या शतकात मागणी घटली, १९६१ मध्ये रेल्वे आणि १९६९ मध्ये खाण बंद झाली. आज त्या गोदीत शिडाच्या व सहलीच्या नौका उभ्या असतात.

२०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या स्लेट-प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि डिनोर्विगच्या खाणीचा त्यात समावेश केला. तो दगड जगात पोहोचवणाऱ्या वेलिनहेलीची दखल घेतल्याशिवाय त्या खाणीचा इतिहास अपुराच राहतो.