रिकाम्या हातांसाठी फुलीचा टाका

आर्णीतील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका आजींची ही हकीकत आहे. वय ७४, मधुमेह जुना. घरात पाय घसरून पडल्यावर मी त्यांना सांगितले, "आजी, आता आराम करा." घरच्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला. तांदूळ निवडणे, वाती वळणे, भाजी चिरणे, एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतले गेले. काही महिन्यांनी झोप येत नाही म्हणून त्या पुन्हा आल्या. साखर आणि रक्तदाब ठीक होते. "डॉक्टरसाहेब, हाताला कामच उरलं नाही," त्या म्हणाल्या. माझ्या सल्ल्यातील चूक मला तेव्हा उमगली. पडू नका असे सांगायचे होते. मी बसून राहा असे सांगितले होते.

बोलता बोलता त्यांच्या ट्रंकेतील दोसुतीच्या जुन्या रुमालाचा विषय निघाला. त्यावर त्यांनी लग्नाआधी फुलीच्या टाक्याने पोपट भरले होते. हाच टाका आज 'क्रॉस स्टिच' या नावाने ओळखला जातो. भरतकाम आपल्या परिसराला नवे नाही. इथल्या तांड्यांवरील बंजारा स्त्रियांच्या जुन्या कांचळ्या आणि फेटिये पाहिले, की आरसे आणि कवड्यांच्या जोडीने केलेली दाट भरणी नजरेत भरते. त्या तुलनेत फुलीचा टाका फार सोपा आहे. चौकटी मोजता आल्या, की तो जमतो.

सुरुवात अशी करावी. दोसुतीचे धागे मोजताना वृद्ध डोळ्यांना ताण पडतो. म्हणून चौकटी स्पष्ट दिसणारे, एका इंचात ११ चौकटी असलेले फिकट रंगाचे कापड घ्यावे. काळे कापड टाळावे. दोरा लाल किंवा निळा, गडद असावा. सहापदरी दोऱ्याचे तीन पदर वेगळे करून सुमारे दीड फूट लांबीचा तुकडा घ्यावा. त्याहून लांब दोरा गुंततो. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची घ्यावी. चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून सुई वर काढून उजव्या वरच्या कोपऱ्यात घालावी. अशी ओळ पूर्ण झाली, की परत येताना उलट्या दिशेचे टाके घालून फुल्या पुऱ्या कराव्यात. गाठ मारू नये. दोऱ्याचे टोक मागच्या टाक्यांखाली दडवावे. पहिला नमुना २२ चौकटी लांब-रुंद पुरे. तो दोन इंचांत बसतो, आणि पुरा झाल्याचे समाधान लवकर मिळते.

आता डॉक्टर म्हणून काही सूचना. बसण्याची जागा खिडकीजवळ असावी आणि उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली कापडावर पडत नाही. जवळचे पाहण्याचा चष्मा तपासून घ्यावा; मोतीबिंदू वाढला असेल, तर आधी त्याचा विचार व्हावा. पाठीला टेकू आणि मांडीवर उशी असली, की मान फार वाकत नाही. वीस मिनिटांनी हात थांबवून दूर पाहावे, बोटे उघडमीट करावीत. दीर्घ मधुमेहात बोटांची संवेदना कमी होते आणि सुई टोचल्याचे कळत नाही. म्हणून काम संपल्यावर बोटे पाहावीत. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर बोथट सुईच वापरावी. एका हातातील शक्ती अचानक गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो थकवा समजून वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

काळजी घेणाऱ्यांनीही थोडे लक्ष द्यावे. सकाळी पाच-सहा सुयांमध्ये दोरा ओवून त्या उशीला टोचून ठेवाव्यात आणि संध्याकाळी मोजून उचलाव्यात. घरात लहान मूल असेल किंवा वृद्धाला विस्मरणाचा आजार असेल, तर सुई जवळ असताना कोणीतरी सोबत बसावे. या छंदाने विस्मरण बरे होत नाही, मधुमेह हटत नाही. औषधे, चालणे, आहार हे सारे चालूच ठेवायचे आहे.

तीन आठवड्यांनी आजी चार बोटे रुंदीचे कापड घेऊन आल्या. पाच-सहा फुल्या उलट्या पडल्या होत्या. सून त्या उसवून नीट करू पाहत होती. आजींनी कापड मागे ओढले. "राहू दे, माझ्याच हातच्या आहेत." झोपेची तक्रार पूर्ण मिटलेली नव्हती. मात्र त्या दिवशी त्यांनी मला झोपेच्या गोळीविषयी विचारले नाही. आर्णीत हिरवा दोरा कुठे मिळेल, एवढेच विचारले.