गजर न दाबता अभंग ऐकू यावा म्हणून

वाशिम तालुक्यातल्या अनसिंगसारख्या गावात सप्ताहातलं भजन रेकॉर्ड करायला बसलं, की पहिली पंचाईत टाळ-पखवाजाची. अभंग हळू आवाजात सुरू होतो, मग झीलकरी साथ धरतात आणि गजराला सगळे टाळ एकदम कडाडतात. गेन कमी ठेवला तर सुरुवातीचे शब्द कळत नाहीत, वाढवला तर गजर फाटतो.

यावर सर्रास कॉम्प्रेसर लावतात. तो ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबतो. पण त्याबरोबर पखवाजाची थापही बोथट होते, गजर चढतच नाही. भजनाचा जीवच त्या चढण्यात आहे, म्हणून मला हा उपाय पटत नाही.

त्यापेक्षा पॅरलल कॉम्प्रेशन करावं. मूळ ट्रॅकला हात लावायचा नाही. त्याची एक प्रत काढून तिच्यावर कॉम्प्रेसर कडक लावायचा आणि ती मूळ ट्रॅकखाली मिसळायची. समजा थ्रेशोल्ड, म्हणजे ती ठरावीक पातळी, उणे ४० डेसिबल आणि रेशो ४:१ आहे, म्हणजे तिच्यापुढच्या दर ४ डेसिबलचा १ उरतो. उणे ४० पर्यंतचे हळू शब्द प्रतीतही तसेच राहतात. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की ते सुमारे ६ डेसिबलने वर येतात. उणे १० पातळीचा गजर मात्र प्रतीत उणे ३२.५ पर्यंत खाली गेलेला असतो, त्यामुळे बेरजेत तो जेमतेम अर्धा-पाऊण डेसिबल वाढतो. शब्द उठून येतात, थाप शाबूत राहते.

या युक्तीचं मूळ रे डॉल्बी यांच्या कामात सापडतं. १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढून त्यांनी टेपची खरखर घालवणारी यंत्रणा आणली. तीही हलका आवाज वेगळ्या वाटेने उचलून मूळ आवाजात मिसळत असे. पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत ही रीत इतकी रुळली, की तिला त्या शहराचंच नाव पडलं.

प्रत मिसळली की हळू शब्दांबरोबर पंख्याची घरघर आणि जनरेटरचा आवाजही वर येतो, म्हणून माइक गायकाच्या जवळच हवा. प्रत मूळ ट्रॅकपेक्षा काही मिलिसेकंद जरी मागे पडली, तरी आवाज पोकळ होतो. दोन्ही नेमके जुळवावेत. रेकॉर्डिंग २४ बिटवर, सर्वांत मोठा गजर उणे १२ च्या आसपास ठेवून, कॉम्प्रेसरशिवाय करावं. मिसळणं नंतर सावकाश करता येतं, पण रेकॉर्ड करतानाच दाबलेला गजर पुन्हा मोकळा करता येत नाही.