रिक्रूटांचा वर्ग

१ जुलै २०२४ पासून ३०२ हा आकडा खुनाचा राहिला नाही. त्या दिवशी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३व्या कलमात गेली आणि ३०२वर धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याचा गुन्हा येऊन बसला. ४२०चे ३१८ झाले. खरी गंमत ३०४ची. जुन्या दंडसंहितेत सदोष मनुष्यवधाची शिक्षा सांगणारे हे कलम आता हिसकावून केलेल्या चोरीचे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या चेन स्नॅचिंगचे झाले. उभ्या नोकरीत कलमे तोंडपाठ केलेले हवालदार आणि प्रशिक्षण केंद्रातले मिसरूड फुटलेले रिक्रूट एका रात्रीत एकाच इयत्तेत येऊन बसले. महाराष्ट्रातल्या पोलीस प्रशिक्षणाचा मागोवा घेताना मला ही तारीख फार मोलाची वाटते. कारण एरवी या खात्याला बसलेला प्रत्येक धक्का मैदानावर जिरवला गेला. हा थेट वर्गात शिरला.

सुरुवात इंग्रजांपासून करावी लागते. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या १९०२-०३च्या पोलीस आयोगाने खात्याची रचना आणि प्रशिक्षण दोन्ही सदोष ठरवले. त्यानंतर १९०६ साली पुण्याच्या भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, पोलीस प्रशिक्षण शाळा निघाली. १९०९मध्ये ती नाशिकला गेली. तीच आजची त्र्यंबक रस्त्यावरची महाराष्ट्र पोलीस अकादमी. पण फ्रेझरसाहेबांच्या डोक्यातली वाटणी साधी होती : तपास करायचा तो अधिकाऱ्याने, शिपायाने सांगितले तेवढे हातापायाचे काम करायचे. त्याला महिन्याला किमान आठ रुपये पगार असावा, अशीही शिफारस आयोगाने केली होती. आठ रुपयांत पाय मिळतात, डोके मागायचे नाही, असा तो हिशेब असावा. साहेब गेले, पगार वाढला, पण ही वाटणी काही हलली नाही. फौजदारासाठी नाशिकचा कायदा आणि शिपायासाठी मैदान.

पुढे शिपायांसाठी खंडाळा, मरोळ, नागपूर, जालना, अकोला, सोलापूरजवळचे केगाव, लातूरजवळचे बाभळगाव, तासगावचे तुरची, दौंडचे नानवीज अशी केंद्रे झाली. केंद्र कुठलेही घ्या, दिवस सारखाच. उजाडायच्या आत फॉलिन, हजेरी, पी.टी. न्याहारीनंतर कवायत. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली मराठी पोरे इथे ‘दाहिने मूड’, ‘तेज चल’, ‘थम’ अशा हिंदी हुकमांवर वळायला शिकतात. हत्याराच्या तासाला ‘खोलना-जोडना’. रायफल सुटी करायची, भाग चादरीवर क्रमाने मांडायचे, परत जोडायची, आणि हात बसला की हेच डोळे मिटून. एखाद्याचा हात कवायतीत खांद्याच्या रेषेपेक्षा वर गेला, की कवायत घेणारा उस्ताद अख्ख्या प्लाटूनला थांबवतो. चूक एकाची, चक्कर सगळ्यांना, तीही रायफल डोक्यावर धरून. याला रिक्रूट ‘रगडा’ म्हणतात आणि पुढे निवृत्तीपर्यंत त्याच्या आठवणी मोठ्या चवीने सांगतात. कवायत निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. शंभर माणसांनी एका हुकमावर थांबणे म्हणजे काय, हे दंगलीत दगड येऊ लागले की कळते. दंगा काबू योजनेचा सगळा डोलारा त्या थांबण्यावर उभा असतो.

दुपारी इनडोअर. म्हणजे वर्ग. पहाटेपासून घामाघूम झालेली पोरे जेवून पंख्याखाली बसतात आणि समोर पुरावा कायदा सुरू होतो. पहिल्या बाकावर डोळे उघडे असतात, ते उस्ताद दारात उभा असतो म्हणून. त्यातून शिकवणारा अधिकारीही बऱ्याचदा ‘साइड पोस्टिंग’ म्हणून नाइलाजाने आलेला. वर आषाढी वारी, गणपती नाहीतर निवडणूक आली की रिक्रूट बंदोबस्ताला. बुडतो तो वर्ग. कवायतीला मात्र दीक्षान्त संचलनाची तारीख वाचवते. पाहुणे येणार, गावाहून आई-वडील येणार, त्यांच्यापुढे ओळ वाकडी दिसून कशी चालेल? पंचनामा वाकडा आहे हे दिसायला पुढे खटला उभा राहावा लागतो.

१९७५च्या ‘पांडू हवालदार’ने महाराष्ट्राला पोट धरून हसवले. तेव्हापासून शिपायाला पांडू म्हणायची खोडही लागली. त्या पांडूला शिकवले काय होते, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. एका मराठी माणसाला मात्र वाटली होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरे हे १९७१मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या पोलीस प्रशिक्षण समितीचे अध्यक्ष होते. समाजशास्त्रज्ञाकडे पोलिसांचे काम द्यावे, ही त्या काळात धाडसाची गोष्ट. नुसती कवायत आणि कलमे पुरत नाहीत. लोकांशी वागण्याची वृत्ती घडवणे हाही प्रशिक्षणाचा भाग आहे, असा त्यांच्या समितीचा रोख होता. अहवाल आला, वाखाणला गेला आणि कपाटात गेला. त्याची किंमत १९९२-९३च्या दंगलीत मुंबईने मोजली. श्रीकृष्ण आयोगाने १९९८च्या अहवालात पोलिसांमधल्या जातीय पूर्वग्रहावर नेमके बोट ठेवले. पूर्वग्रह काही शंभर मीटर पळवून जात नाही.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हातात लाठी घेऊन एके-४७ला सामोरे गेले. या दहशतवादी हल्ल्यानंतर नेमलेल्या प्रधान समितीने पुढे जे तपासले त्यात दारूगोळ्याचा तुटवडा आणि त्यामुळे रखडलेला गोळीबाराचा सराव हीही बाब होती. मग २००९मध्ये फोर्स वन हे कमांडो पथक आले, नवी हत्यारे आली. हे व्हायलाच हवे होते. पण अभ्यासक्रमात काय बदलले, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा मैदानाकडेच बोट दाखवत होते.

भरतीचेही तसेच. २०१४च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा जीव गेला, तेव्हा कुठे अंतर कमी करायचे ठरले. आता पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर. १९९४च्या महिला धोरणाने तीस टक्के जागा राखल्या. साडीच्या गणवेशातल्या मोजक्या महिला पोलिसांच्या जागी आज मुलींच्या अख्ख्या प्लाटून मैदानावर असतात. हा बदल आता कुणाला नवलाचा वाटत नाही, हेच त्याचे यश.

तालुक्याच्या कुठल्याही गावाबाहेर पहाटे जाऊन पाहा. रस्त्याच्या कडेने भरतीपूर्व अकादमीची पोरे-पोरी पळताना दिसतील. दोन-दोन, तीन-तीन वर्षे पळालेली. अट बारावीची, पण अर्ज करणाऱ्यांत पदवीधर, अभियंतेही असतात. म्हणजे हल्लीचा रिक्रूट केंद्रात येतो तो अर्धा घडूनच. पायांचे काम त्याने बाहेर स्वतःच्या पैशाने केलेले असते. तरीही त्याच्या प्रशिक्षणाच्या नऊ महिन्यांची वाटणी साधारण आठ रुपये पगाराच्या शिपायाला डोळ्यांपुढे ठेवूनच चालली होती.

म्हणून १ जुलै २०२४चे मोल. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५व्या कलमाने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाला घटनास्थळी बोलवायचे आहे. हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यायचा आहे. ई-मेलने फिर्याद आली तर तीन दिवसांत सही घ्यायची आहे. यातले काहीही कवायतीने जमणारे नाही. आता सरावाच्या खोलीत लुटुपुटुचा पंचनामा होतो तेव्हा एकाने मोबाइल धरायचा, दुसऱ्याने पंचांसमोर मुद्देमाल सीलबंद करायचा, तिसऱ्याने लिहायचे. मोबाइलवाल्याने पंचांचे चेहरे सोडून नुसता चाकू टिपला, की चित्रीकरण परत पहिल्यापासून.

ठाण्यातही उलटी गंगा वाहू लागली आहे. जुने हवालदार नव्या पोराला विचारतात, ‘अरे, ३७९चं आता काय झालं?’ पोरगा सांगतो, ‘३०३, दादा, पोटकलम दोन.’ अर्थात १ जुलैपूर्वी घडलेले गुन्हे जुन्याच दंडसंहितेखाली चालणार आहेत आणि आपल्या न्यायालयांची गती पाहता ते बराच काळ चालतील. तेव्हा रिक्रूटाला ३०२ही पाठ हवे आणि १०३ही. इनडोअरचे तास मात्र अजून दुपारी जेवणानंतरच असतात.