स्लॅबखालची झोप

प्रवरेकाठच्या बेलापुरात (ज्याच्या नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे, तेच हे बेलापूर) एप्रिल-मेमध्ये रात्री दहा-अकराला ओट्यावर बरी झुळूक असते. आत खोलीत पाऊल टाकलं की मात्र भट्टी. मग घरोघरी एकच निदान होतं: पंखा जुना झाला, नवा आणा.

बिचाऱ्या पंख्याचा यात दोष नाही. पंखा खोलीतली हवा थंड करतच नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून आपल्याला गार वाटतं. रिकाम्या खोलीत ‘जरा गार होऊ दे’ म्हणून तासभर आधी पंखा लावून ठेवला, तर मोटरीच्या थोड्या उष्णतेचीच भर पडते. खरा गुन्हेगार डोक्यावर असतो. चार-पाच इंच जाडीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो, ती उष्णता आतल्या बाजूला पोचायला काही तास लागतात आणि ऐन निजायच्या वेळी ती खाली उतरते. पत्र्याचं घर दुपारी जास्त तापतं, पण दिवेलागणीनंतर लवकर निवतं. स्लॅबचं उलट. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि वरून स्लॅब शेकत असताना नेमकं तेच अडतं.

म्हणून पहिला खर्च खोलीत नाही, गच्चीवर करायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर स्लॅबला चुन्याचा पांढरा हात मारला की बरंचसं ऊन परतून जातं. वापरायचं पाणी मुबलक असेल तर संध्याकाळी गच्चीवर शिंपण करावं. पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर सरकवावा. दुपारनंतरचं सगळं ऊन त्या भिंतीने खाल्लेलं असतं.

पूर्वी यावर सोपा उपाय होता, अंगणात बाज टाकायची. आता उसात बिबट्या आहे. उघड्यावर झोपू नका, असं वनखातंच सांगतं. त्यामुळे खोलीच झोपण्याजोगी करावी लागणार.

कूलरबद्दलचा गैरसमज तर पैसे खर्चून पाळला जातो. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की हवा गार राहते, असं वाटतं. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. ती ओलसर हवा बाहेर गेली नाही, तर तासाभरात अंग चिकचिकतं. समोरची खिडकी थोडी उघडी हवीच. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान चालतो. पावसाळी दमट हवेत त्याचा पंख्याहून फारसा उपयोग नाही.

खिडकी बंद ठेवण्याची कारणं दोन: डास आणि भीती. डासांसाठी कॉइल लावून खिडकी लावून घेणं हा त्यातला सर्वांत वाईट तोडगा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी बरी. ती वारा थोडा अडवते, म्हणून टेबलफॅन जवळ घ्यावा. खिडकीला मजबूत गज आणि बारीक जाळी बसवली, की दोन्ही कारणं निकालात निघतात.

‘रात्री खोलीत कुंडी नको, झाड प्राणवायू खातं’ हेही ऐकू येतं. झोपलेला एक माणूस तासाला दहा-बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. कुंडीतल्या रोपाचा वाटा त्यापुढे नगण्य. म्हणजे कुंडी बाहेर काढून खिडकी लावणारा माणूस चुकीच्या पाहुण्याला हाकलतो! डेन्मार्कमध्ये वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. हवा खेळती ठेवल्यावर त्यांची झोप सुधारली आणि दुसऱ्या दिवशी ते ताजेतवाने होते.

उत्तरेला डोकं केलं की रक्तातलं लोह ओढलं जातं म्हणे. एमआरआयचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा तीस हजार पटींहून जास्त ताकदीचं असतं आणि त्यातूनही रक्त जागच्या जागी वाहतं. श्रद्धा असेल तर खुशाल दक्षिणेला डोकं करा. फक्त त्यापायी तापलेल्या भिंतीला उशी लावू नका.

पाठ दुखते म्हणून फळीवर निजणारे पुष्कळ. स्पेनमध्ये 313 पाठदुखीच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (‘लॅन्सेट’, 2003) कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीने जास्त आराम पडला. कापसाची गादी दबून गोळे झाली असेल तर पिंजून घ्यावी, अधूनमधून ऊन दाखवावं.

‘झिरो’च्या बल्बचंही एक आहे. जुना झिरो शून्य वॅटचा नव्हे, बारा-पंधरा वॅटचा असायचा. आता त्याची जागा निळ्या एलईडीने घेतली आहे. वीज कमी खातो, पण निळा उजेड मेंदूला दिवस असल्याचं सांगतो. दिवा हवाच असेल तर मंद, लाल-पिवळा आणि पायथ्याशी लावावा.

उजेडाचा हा हिशेब सर्वांत महाग पडतो तो रात्रपाळीच्या लाइटीवर उसाला पाणी भरून पहाटे घरी येणाऱ्याला. ‘दिवसा झोप भरून काढतो’ असं तो म्हणतो, आणि ती भरत नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं आणि सकाळी उन्हातून घरी येतानाच ते ‘ऊठ’ म्हणत असतं. अशा घरात दिवसा झोपायची खोली पूर्वेची नको. खिडकीवर जाड गडद पडदा, नसेल तर जुनी गोधडी. वरून वीतभर फट हवेसाठी सोडायची. टोपी किंवा उपरणं डोळ्यांवर ओढून घरी यायचं आणि चहा टाळून थेट आडवं व्हायचं. गळिताच्या हंगामात गाणी लावून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांवर मात्र पडद्याचा इलाज नाही. कानात कापसाचे बोळे घालावेत.