कुट्टीचा पट्टा का तुटतो?

घरची यंत्रं, घरचे हात : भाग ९

या भागात व्हॅक्युम क्लीनरचा पट्टा बदलण्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण आपल्याकडच्या बहुतेक व्हॅक्युम क्लीनरमध्ये पट्टा नसतोच. पंखा थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेला असतो. गालिचा झाडणारा फिरता ब्रश असेल तरच पट्टा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यात पट्टा तुटल्यावर ज्या यंत्रापायी घर अडतं, ते गोठ्यात असतं. कडबा कुट्टी बंद पडली की गाईंपुढे अख्खा कडबा टाकावा लागतो. त्या पाला ओरबाडतात आणि धांडं पायाखाली तुडवतात. मालदांडीचा कडबा विकत घेणाऱ्याला ते बघवत नाही.

तुटलेला पट्टा घेऊन लगेच दुकानात जाऊ नका. आधी तो उजेडात धरून नीट पाहा. तो का तुटला, हे त्याच्यावरच दिसतं. दोन्ही बाजू आरशासारख्या चकाकत असतील तर पट्टा ढिला होता आणि घसरत होता. एकच बाजू झिजली असेल तर मोटरची पुली आणि चाकाची पुली एका रेषेत नाहीत. पोटाच्या बाजूला आडव्या भेगा असतील तर उष्णतेने किंवा वयाने रबर कडक झालं आहे. आणि नवाकोरा पट्टा थोड्याच दिवसांत एका जागी तुटला असेल, तर बहुधा तो बसवतानाच दुखावला गेला. तुटण्याचं मूळ कारण तसंच ठेवून नवा पट्टा चढवला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

हा पट्टा पाचरीसारखं काम करतो. तो खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन्ही बाजूंनी आवळून बसतो. ओढ वाढली की आणखी घट्ट रुततो. म्हणून त्याच्या बाजू कोरड्या आणि स्वच्छ हव्यात. पिठाच्या गिरणीच्या जुन्या सपाट पट्ट्यांना राळ लावायचे. ती सवय कुट्टीवर आणू नका. राळेवर चाऱ्याचा भुसा आणि धूळ चिकटते आणि पट्ट्याच्या बाजू घासत राहते. पट्टा घसरतोय म्हणजे ताण द्यायचा आहे, काही चोपडायचं नाही.

मापाचा आकडा पाठीवर छापलेला असतो. 'बी ५२' म्हणजे बी जातीचा, आतून ५२ इंच लांबीचा. ए जातीची वरची रुंदी १३ मिलिमीटर, बीची १७. खाच बीची असताना ए घातला तर तो तळाला टेकेल आणि सतत घसरेल. नागपूरजवळच्या हिंगण्यात असे पट्टे बनतात, कुट्टीला लागणाऱ्या मोटरी तर नगरच्या एमआयडीसीतही बनतात. त्यामुळे योग्य माप मिळायला अडचण नाही. अडचण होते ती आकडा पुसला गेल्यावर. तो आजच यंत्राच्या जाळीवर रंगाने लिहून ठेवा.

आता बदलायचं काम. मेन स्विच बंद करा आणि मोटरची वायर बोर्डातून काढूनच घ्या. वीज नसली तरीही, कारण ती कधी परत येईल याचा भरवसा नाही. चाक हाताने फिरलं तरी पाती फिरतात, म्हणून चाकात लाकडाचा ठोकळा अडकवा. मग पट्ट्यावरची जाळी काढा आणि मोटरचे चारही बोल्ट ढिले करून ती चाकाकडे सरकवा. नवा पट्टा हाताने सहज चढला पाहिजे. स्क्रू-ड्रायव्हर किंवा पहार लावून तो कडेवरून ओढलात, तर आतले दोर तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पट्टे दोन असतील तर दोन्ही एकदमच बदला; जुना आणि नवा सारखा ताण घेत नाहीत.

मोटर मागे घेताना दोन्ही पुलींच्या तोंडाला सुतळी ताणून धरा. ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. पुलींमध्ये अर्धा मीटर अंतर असेल तर मधोमध अंगठ्याने जोर दिल्यावर पट्टा साधारण ८ मिलिमीटर दबावा. त्याहून फार घट्ट केलात तर मोटरचं बेअरिंग गरम होऊन आवाज करू लागेल. ताण जमला की बोल्ट आवळा, ठोकळा काढा आणि जाळी लावूनच यंत्र सुरू करा.

रबर पहिल्या काही तासांत थोडं बसतं. म्हणून दोन-तीन दिवसांची कुट्टी झाली की वायर आणि जाळी पुन्हा काढून ताण तपासा, बोल्ट आवळा आणि जाळी परत लावा.