टॅब घेताय? आधी फूटपट्टी घ्या!

मे महिन्याची अखेर होती. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झापांनी शाकारण्याची लगबग चालली होती. तेथे एक परिचित मच्छिमार भेटले. त्यांची मुलगी यंदा दहावीत जाणार. ‘‘सर, चेडवाक टॅब व्हयो. धा-बारा हजार बाजूक काढून ठेवलंय. खयचो घेव?’’

पावसाळ्यात मासेमारी बंद असताना घर ज्या पैशांवर चालते त्यांतलेच हे बारा हजार. निवड चुकली तर ते पुन्हा उभे राहणार नव्हते. मी लगेच उत्तर दिले नाही, कारण या बाबतीत माझा स्वतःचा लौकिक फारसा चांगला नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत मी भाचीसाठी घाईघाईने मिळाला तो सर्वांत स्वस्त सात इंची टॅब घेतला. पाठ्यपुस्तकाची एक ओळ वाचायची तर पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागे आणि पान सरकेपर्यंत धीर सुटे. सहा महिन्यांत तो कपाटात गेला. वर्गात मोजमापाचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाने काहीही न मोजता खरेदी केली होती!

विद्यार्थी मित्रांनो, स्वस्त टॅबचा प्रश्न आपल्या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर हाताळला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ नावाच्या टॅबचे अनावरण झाले. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना मिळणार होता व विद्यार्थ्यांना त्याहूनही कमी किमतीत द्यायचा होता. ‘जगातील सर्वांत स्वस्त टॅब’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण हाती घेतलेल्यांच्या तक्रारी लवकरच येऊ लागल्या. त्याच्या प्रक्रियकाचा वेग ३६६ मेगाहर्ट्झ आणि रॅम २५६ एमबी होती. पडदा ‘रेझिस्टिव्ह’ जातीचा होता. म्हणजे एकावर एक दोन वाहक थर असतात, आणि बोटाने दाबल्यावर ते एकमेकांना टेकले तरच स्पर्श कळतो. साहजिकच बोट जोराने रेटावे लागे. पुढे हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले. प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली सुधारलेला ‘आकाश-२’ नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. त्यात वेग १ गिगाहर्ट्झ, रॅम ५१२ एमबी आणि पडदा ‘कपॅसिटिव्ह’ होता. या पडद्याला दाब लागत नाही. आपले बोट विजेचे वाहक आहे. ते जवळ येताच पडद्याची विद्युत्‌धारिता त्या जागी बदलते आणि तेवढ्यावरून स्पर्शाचे ठिकाण समजते. आजचे बहुतेक सर्व टॅब याच तत्त्वावर चालतात. (म्हणूनच पावसात भिजल्या हाताने टॅब वेड्यासारखा वागतो. पाणीही वाहकच!)

आकाशची कल्पना मला आजही वाईट वाटत नाही. चूक होती ती क्रमात. किंमत आधी ठरली आणि वाचणाऱ्याचा विचार मागाहून झाला. आपण तो आधी करू.

पडद्याचे जे इंच जाहिरातीत असतात, ते कर्णाचे असतात. पण आपण वाचतो ते कर्णावर नव्हे, क्षेत्रफळावर. रुंदी व उंची यांचे प्रमाण १६:१० असेल, तर पायथागोरसच्या सिद्धांताने हिशेब करून पाहा: ८ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस इंच येते आणि १०.१ इंची पडद्याचे सुमारे ४६. कर्ण सव्वापट झाला, क्षेत्रफळ मात्र दीडपटीहून अधिक. घरात साडेसहा इंची फोन असेल, तर त्याच्यावर आठ इंची टॅब घेण्यात मला फारसे शहाणपण दिसत नाही.

आता ए-फोर आकाराचा एक कागद घ्या. त्याची रुंदी २१ सेंटिमीटर असते. १०.१ इंची टॅब उभा धरला तर पडद्याची रुंदी १३.६ सेंमी. म्हणजे छापील ३ मिलिमीटरचे अक्षर २ मिमीचे होते. टॅब आडवा धरला तर रुंदी २१.८ सेंमी मिळते व अक्षर मूळ आकाराचे दिसते. फक्त एका वेळी निम्म्याहून थोडे कमी पान दिसते. हे चालण्यासारखे आहे. आठ इंची टॅब आडवा धरूनही १७ सेंमीच मिळतात.

पण मोठा पडदा म्हणजे स्पष्ट पडदा, असे मात्र नाही. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते; त्यांना पिक्सेल म्हणतात. स्वस्त दहा इंची टॅबमध्ये पुष्कळदा १२८० × ८०० पिक्सेल असतात. त्यातला एक ठिपका सुमारे ०.१७ मिमीचा पडतो. १९२० × १२०० असतील तर ०.११ मिमीचा. निरोगी डोळ्याला एक अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखता येतो. ३५ सेंमी अंतरावर तो ०.१ मिमी होतो. पहिल्या टॅबचे ठिपके डोळ्याला खुपतात, दुसऱ्याचे जवळजवळ एकजीव होतात.

येथे आपल्या लिपीची एक खोच आहे. इंग्रजी अक्षर एका ओळीत नांदते. देवनागरीला वर शिरोरेखा, त्यावर मात्रा नि अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरांची गर्दी! २ मिमीच्या अक्षराला पहिल्या टॅबवर ठिपक्यांच्या बाराच ओळी मिळतात, दुसऱ्यावर सतरा. आकाशच्या सात इंची, ८०० × ४८० पिक्सेलच्या पडद्यावर पूर्ण पान उभे मांडले, तर त्याच अक्षराला सातच ओळी मिळत. सात ओळींत ‘राष्ट्र’ बसवून दाखवा बरे! इंग्रजी पानावरून केलेली परीक्षणे म्हणूनच आपल्याला अर्धीच उपयोगी पडतात. दुकानात चित्रपट लावून दाखवतील, तो पाहू नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. संस्कृत किंवा विज्ञानाचे एक पान उघडा आणि ‘हृद्य’, ‘दृष्ट्या’, ‘ऱ्हस्व’ हे शब्द मोठे न करता वाचता येतात का, ते पाहा.

विद्युत्‌घटाकडे आम्ही किनाऱ्यावरचे लोक जरा अधिकच काळजीने पाहतो. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळानंतर आमच्याकडील कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. टॅबवर ‘७००० मिलिअँपिअर-तास’ असे लिहिलेले असते. ही ऊर्जा नव्हे, हा विद्युत्‌भार आहे. त्याला घटाच्या सुमारे ३.८ व्होल्ट विभवांतराने गुणा: ७ × ३.८ म्हणजे साधारण २७ वॉट-तास. वाचताना व धडे पाहताना टॅबला ४ वॉट लागतात असे धरले, तर पावणेसात तास मिळतील. एवढ्याच ऊर्जेवर ९ वॉटचा दिवा तीन तास जळेल. चार्जरमधील नासाडी धरूनही विजेच्या एका युनिटमध्ये असा टॅब तीसेक वेळा भरतो. तेव्हा बिलाची चिंता नको. एकच ध्यानात ठेवा: मोठा व तेजस्वी पडदा ऊर्जा जास्त खातो, म्हणून नुसत्या मिलिअँपिअरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

स्मृतीच्या बाबतीत विक्रेत्याची भाषा नीट ऐका. ‘४ + ४ जीबी रॅम’ यातली दुसरी चार ही रॅम नव्हेच. साठवणीची थोडी जागा उसनी घेऊन तिला रॅमचे काम दिलेले असते, आणि ती खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद असते. खरी ४ जीबी आहे का, एवढेच विचारा. ६४ जीबी साठवणही पूर्ण हाती येत नाही. कारखाना १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. दोनच्या घातांनी मोजले की ६४ चे साडेएकोणसाठ उरतात, आणि त्यातही बरीच जागा टॅबची स्वतःची प्रणाली व्यापते. म्हणून मेमरी कार्डाची खाच हवी. आमच्याकडे तर हवीच! २०२० साली याच जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीला रेंज मिळेना, म्हणून डोंगरावर खोप बांधून अभ्यास करावा लागला होता. आजही डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत रेंज लपंडाव खेळते. शाळेत किंवा बाजारपेठेत धडे एकदा उतरवून घ्यावेत आणि घरी निवांत पाहावेत. तासाभराचा साध्या प्रतीचा धडा चारशे-पाचशे एमबीत मावतो. सिमकार्डाच्या टॅबसाठी जास्त पैसे मोजण्याची मग गरज नाही. फोनवरून वाय-फाय घेता येते.

बाकी गोष्टी थोडक्यात. मागच्या कॅमेऱ्याचे आकडे विसरा. अँड्रॉइडची आवृत्ती अलीकडची आणि सुरक्षा सुधारणा चालू असलेली हवी. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेला टॅब कितीही स्वस्त असो, हातात धरू नये, आत लिथियमचा घट असतो. वापरलेला टॅब घेण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. घट किती थकला आहे ते बाहेरून कळत नाही, आणि खाऱ्या हवेने चार्जिंगच्या खाचेला चढलेला गंजही चटकन दिसत नाही.

हे सारे मी त्या मच्छिमारांना सांगितले नाही. त्यांच्या मुलीला बोलावले, कागदावर चार आकडे लिहून दिले आणि फूटपट्टी घेऊन जायला सांगितले. मालवणात एका आणि कुडाळात दोन दुकानांत बापलेक फिरली. पहिल्या दुकानदाराने फूटपट्टी पाहून थट्टा केली म्हणे. तिसऱ्या दुकानात १०.१ इंची, १९२० × १२०० पिक्सेलचा, खऱ्या चार जीबी रॅमचा, बिनसिमचा टॅब बारा हजारांच्या आत मिळाला. उरलेल्या पैशांतून मेमरी कार्ड आले. कव्हराला मात्र पैसे उरले नाहीत. आईने जुन्या गोधडीची पिशवी शिवून दिली आहे.