खेळाडूंनो, महाविद्यालय निवडताना…

दोडामार्गच्या शालेय बेसबॉलपटूला बारावीनंतर तीन वाटा जवळच्या आहेत. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची सावंतवाडीतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी, म्हापशातील गोवा विद्यापीठाशी, तर कोल्हापुरातील शिवाजी विद्यापीठाशी निगडित आहेत. त्यामुळे महाविद्यालयाबरोबर संघही ठरतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळाडू आपल्या विद्यापीठातर्फेच उतरतो.

बेसबॉलला मैदानावर ९ खेळाडू लागतात. म्हणून प्रवेशापूर्वी चौकशी करावी : महाविद्यालयाचा संघ दरवर्षी उतरतो का? प्रशिक्षक व मैदान नियमित मिळते का? स्पर्धेमुळे बुडालेल्या तासिकांची व परीक्षेची सोय काय?

शेवटचा प्रश्न स्वतःस विचारावा : दुखापतीने खेळ सुटला, तरी येथेच शिकावेसे वाटेल का? उत्तर नकारार्थी असल्यास दुसरे महाविद्यालय पाहणेच हिताचे.